अर्बाओ म्हणजे बुधवारची

माझ्या बायकोच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

नदीकाठी सकाळी आठाला पिंड मांडले, बारा वाजले तरी एक कावळा खाली येईना. समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते. नुसते बघत होते. भटजींनी तिचं नाव घेऊन दोनदा पाणी सोडलं. मग भावकीतले एकेक पुढं येऊन बोलायला लागले. मेलेल्या माणसाची इच्छा कशात अडकली असेल ते ओळखून बोलायचं, आणि बरोबर ओळखलं की कावळा शिवतो, अशी आमच्याकडं रीत. एकानं सांगितलं, तुझी म्हैस विकणार नाही. एकीनं सांगितलं, तुझं जातं मी माझ्या घरी नेते, टाकून देत नाही. कावळे ढिम्म. शेवटी कतारहून आलेला माझा मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, आबांची काळजी करू नकोस. आबांना मी दोह्याला माझ्यापाशी नेतो. शेवटपर्यंत सांभाळतो."

होते ते कावळेही उडून गेले.

मग भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि लोक जेवायला गेले. पण शब्द तर तोंडातून गेला होता, आणि तोही पिंडापुढं. महिन्याभरात घराला कुलूप लागलं, किल्ली शेजारी गेली, आणि मी दोह्यात, अल सद्दला अकराव्या मजल्यावर.

कावळा का शिवला नाही, हे त्या नदीवर एकट्या मला ठाऊक होतं. भटजींनी घेतलं ते नाव तिचं नव्हतंच. मी तोंड उघडलं नाही.

इथं मला काही कमी नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच सुनेला नावं ठेवील. सून चांगली आहे. ज्वारीचं पीठ शोधून आणते आणि वाकड्यातिकड्या का होईना पण भाकरी करते. मुलगा एका कंपनीत पाइपांची कामं बघतो, पहाटे बसनं मेसईदला जातो, अंधार पडल्यावर येतो. मला वेगळी खोली आहे. खोलीला एवढी मोठी काच आहे, पण ती उघडत नाही. मी जन्मभर गवंडीकाम केलं. लोकांची घरं बांधली, गोठे बांधले, एक शाळा बांधली. न उघडणारी खिडकी मी कधी बसवली नव्हती. पहिल्या आठवड्यात मी त्या काचेच्या चारी कडा बोटानं चाचपल्या. कुठं फट नाही. काम चांगलं केलंय.

पासपोर्ट मुलाच्या कपाटात. कपाटाची किल्ली मुलाच्या खिशात.

"हरवू नये म्हणून ठेवलाय, आबा."

"मग मला पण कपाटात ठेव," मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नव्हतो.

लिफ्टला एक बिल्ला दाखवावा लागतो. तो मी एकदा हरवला, तेव्हापासून तो सुनेकडं. उन्हं कलली की सून मला खाली आणून सोडते आणि दोन तासांनी न्यायला येते. शाळेत सोडतात तसं. एरवी मी आत. मी रोज म्हणायचो, मला घरी पाठव. मुलगा रोज म्हणायचा, "आबा, तिथं कोण आहे तुमचं? आणि मी आईला शब्द दिलाय." पहिल्या गोष्टीवर मी भांडू शकत होतो. दुसरीवर काय भांडणार?

बिल्डिंगच्या मागच्या बाजूला कडुनिंबाचं एक झाड आहे, त्याखाली बाक आहे. त्या बाकावर मला सोमाली म्हातारा भेटला. माझ्याहून वीतभर उंच, काठीसारखा, दाढी मेंदीनं लाल. तिसऱ्या मजल्यावर लेकीकडं राहतो. त्यालाही लेक खाली आणून सोडते आणि परत नेते. मेसईदच्या बंदरावर त्यानं आपल्याकडच्या आणि पाकिस्तानी लोकांबरोबर हमाली केली होती, तेवढ्यावर हिंदी बोलायचा. त्याचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं. दोन पडक्या भिंती एकमेकींना टेकवल्या तर उभ्या राहतात, तसं आमचं बोलणं उभं राहायचं. इथं मी त्याचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहितो, नाहीतर त्याचं हसं होईल आणि माझंही.

पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मतलब?"

पंचाहत्तर वर्षांत मला कोणी माझ्या नावाचा अर्थ विचारला नव्हता. "पत्थर," मी म्हणालो.

"पत्थर? बाप गुस्सा था?"

मग मला सांगावं लागलं. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसरा मी. यमाला वाटावं इथं पोर नाही, धोंडा पडलाय, म्हणून तसलं नाव ठेवलं. आमच्याकडं ठेवतात. कुणाला दगड म्हणतात, कुणाला भिकारी म्हणतात, कुणाला केरकचरा.

तो पोट धरून हसला. "सदीक, यम फसला बघ. तू अजून इथंच." इथं दोस्ताला सदीक म्हणतात. मग गंभीर होऊन म्हणाला, "चांगलं नाव आहे. कारण आहे त्याला. कारण नसलं तर ते नाव नाही, ती नुसती हाक."

तिथून आमचा तो धंदाच झाला. दुसरं करायला होतं काय? तो त्याच्या मुलखातली नावं सांगायचा आणि मी कारण ओळखायचं. पोर जन्मलं तेव्हा पाऊस होता, तर रोबले. त्यांच्याकडं पाणी सोन्यासारखं, त्यामुळं त्या नावाच्या माणसाला लोक घरी बोलावतात म्हणे. पोटात जास्त दिवस राहिला, उशिरा आला, तर रागे. मी म्हणालो, आमच्याकडं रागे म्हणजे चिडका. तो म्हणाला, अकरा महिने आत कोंडलं तर तू चिडशील का नाही? तांडा चालत असताना वाटेतच जन्मला तो गेदी. दूर गेलेल्या माणसाची चांगली बातमी आली आणि त्याच वेळी घरात मुलगा झाला, तर वारसमे, म्हणजे चांगली बातमी. आणि मोठं झाल्यावर लोक आणखी एक नाव चिकटवतात ते वेगळंच. लंगडा असला तर लंगड्या, काणा असला तर काण्या, तोंडावर म्हणतात. राग नाही यायचा का, मी विचारलं. "का येईल? पाय लंगडा आहेच की."

हा माणूस मला आवडला.

एक दिवस तो बोटं धरून त्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव म्हणायला लागला. अब्तिर्सी म्हणतात त्याला. त्यांचं पोर सात-आठ वर्षांचं झालं की त्याला हे पाठ येतं. दोन्ही हातांची बोटं संपली, तो पुन्हा करंगळीवर आला, ती पण संपली. मी म्हणालो, "पुरे. आणि आया? तुझी आई कुठं आहे यात?"

आईचं नाव माळेत येत नाही, तो म्हणाला. मग म्हणाला, "ऊंट का आता." त्यांच्या उंटिणींना नावं असतात, आणि कोणती उंटीण कोणाच्या पोटची हे आईकडून मोजतात, तिच्या आईकडून, तिच्या आईकडून. त्याच्या बापाच्या कळपातल्या उंटिणींच्या पाच-सहा आया त्याला अजून पाठ होत्या.

"म्हणजे उंटिणीची आई मोजता आणि माणसाची नाही," मी म्हणालो. "शाबास."

"आणि तुम्ही?" त्यानं विचारलं.

आम्ही काय करतो ते मी सांगितलं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात. नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. माहेरचं नाव त्या दिवशी संपलं. त्याला ते खरंच वाटेना. त्यांच्याकडं बाई लग्न करून गेली तरी तिचं नाव, तिच्या बापाचं, आज्याचं, तेच राहतं, मरेपर्यंत.

"नाव चोर बदलतो," तो म्हणाला. "बायकोनं काय चोरलं होतं?"

सून न्यायला आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेआधी उठून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुन्हा काढलंच. "तुझ्या बायकोचं नाव काय?"

"दोन आहेत."

"खरं कुठलं?"

तेव्हा त्याला सांगितलं. माझ्या सख्ख्या मुलाला माहीत नव्हतं ते परक्या मुलखातल्या माणसाला सांगितलं, आणि तेही हिंदीत. इथं नीट लिहितो.

माझं पहिलं लग्न विशीच्या आत झालं. ती मुलगी वर्षभरात पहिल्या बाळंतपणात गेली, मूल पण गेलं. माझ्या आईचा तिच्यावर फार जीव. वर्ष झालं नाही तोच आईनं दुसरी आणली. तांदळाचं ताट पुढं आलं तेव्हा करवली म्हणाली, काय नाव ठेवायचं? आणि माझी आई म्हणाली, "तेच ठेवा. रेशनकार्डावर आहेच की. ते खोडायला आन् नवं घालायला तालुक्याला कोण जाणार?"

लोक हसले. मला वाटलं, खरंच आहे. खेटे वाचतील. वर्षापूर्वीच ते नाव तांदळात लिहिलेलं, अंगठी आपोआप चालली. उखाणा पण तोच घेतला. नाव तेच, त्यामुळं यमक बदलावं लागलं नाही. समोर ती बसलेली, मान खाली. तिच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घातला, दुसरेपणावर दिलेल्या बाईला सवतीचा टाक घालावा लागतो. टाक पहिलीचा, नाव पहिलीचं, रेशन पहिलीचं. तिचं स्वतःचं म्हणून काय आलं आमच्या घरात? एक ट्रंक.

मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. मी "अगं" म्हणायचो, ती "अहो". पण आई मारायची, जावा मारायच्या, शेजारणी मारायच्या. आणि मी एक बघितलं होतं. त्या नावानं हाक मारली की ती जरा उशिरा वळायची. एक श्वास जाईल एवढा वेळ. बहिरी नव्हती. गोठ्यात म्हैस हलली तर तिला ऐकू यायचं. पण त्या नावाला तिची मान उशिरा वळायची. पहिल्या वर्षीही आणि पन्नासाव्या वर्षीही. आई तिला मंद म्हणायची. मीही म्हणालोय.

आमच्या गावचा बाजार बुधवारी. बाजार तिनं कधी चुकवला नाही. ताप असला तरी जायची. एकदा मी गाडी रिकामी मिळाली म्हणून तिच्याबरोबर गेलो. कांद्याच्या ढिगापाशी ती निवडत बसली होती, मी दोन पावलं मागं. तिकडून मिरचीवाल्यांच्या ओळीतून कोणी म्हातारीनं हिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. केवढी गर्दी, केवढा आरडाओरडा. पण हाक पुरी व्हायच्या आत ही वळली होती. वळली म्हणजे अख्खी वळली, हातातला कांदा खाली पडला. आणि असं तोंड केलेलं, की ते तोंड मी घरात कधी बघितलं नव्हतं.

परत येताना मी विचारलं, कोण गं ती? म्हणाली, "माहेरची. बाजाराला येते." एवढंच. मग मला कळलं, बाजाराला काय आणायला जाते ते.

त्या दिवशी मला बोलता आलं असतं. आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हणू शकलो असतो, तुझं जुनंच नाव लाव. पण तोवर मुलाच्या शाळेत आईचं नाव म्हणून तेच लागलं होतं, मतदानाच्या यादीत तेच, बँकेत तेच. कुठं कुठं खोडणार? मीही माझ्या आईचाच मुलगा.

हे सगळं सांगून झालं तेव्हा सोमाली म्हातारा काठीनं जमीन उकरत होता. म्हणाला, "माहेरचं नाव कशावरून? कारण?"

"वारावरून. बुधवारी जन्मली."

"बुध?" त्यानं बोटं मोजली. "अर्बाआ. आमच्याकडं पण आहे. बुधवारी मुलगी झाली तर अर्बाओ." आणि मग सहज, जसं कोणाच्याही बायकोची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "अर्बाओ कितने साल का था?"

माहेरच्या नावानं तिची चौकशी कोणी करून किती वर्षं झाली होती, सांगता येत नाही. भाषा दुसरी, पण नाव तिचंच. आणि गंमत म्हणजे हे नाव मला घेता येत होतं. बायकोचं नाव तोंडातून काढायला माझी जीभ कधी वळली नाही, पण हे सोमाली होतं, ते सहज निघालं. "सत्तर," मी म्हणालो. "अर्बाओ सत्तर की थी." आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं तिच्याबद्दल त्याच नावानं बोलायला लागलो. अर्बाओ भाकरी कशी करायची, अर्बाओ कशी चिडायची. सुनेला वाटलं, खाली कोणी अरबी बाई येते.

वर्षश्राद्ध जवळ आलं. मी मुलाला म्हणालो, आता तरी गावी चल. नदीवर करू. या वेळी मी चूक होऊ देणार नाही.

"कसली चूक?"

"तिथं सांगतो."

"आबा, रजा नाही. प्लँटच्या दुरुस्तीचं शटडाऊन चालू आहे, आता सुट्टी मागितली तर खलास. फोनवर करतात हल्ली. भटजींशी बोललोय. नाव, तिथी सगळं पाठवलंय."

"कुठलं नाव पाठवलंस?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता डॉक्टरकडं नेतो. "आईचं, आबा."

दोन रात्री झोप नाही. तिला पुन्हा एकदा त्याच नावानं बोलावणार, ती पुन्हा उशिरा वळणार, तोवर भटजी फोन ठेवणार.

तो दिवस उजाडला. मुलगा अर्धा दिवस सुट्टी काढून थांबला. हॉलमध्ये स्टुलावर फोन, फोनला मागून डाळीच्या डब्याचा टेकू. फोनमध्ये गावाकडचे तेच भटजी. "दिसतंय. जरा खाली करा, माझं तोंड कशाला, पिंड दिसू द्या. गोत्र?"

मुलगा माझ्याकडं बघायला लागला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग काश्यप. ज्याला ठाऊक नाही त्याचं काश्यप. नाव आहे माझ्याकडं." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचलं.

"थांबा," मी म्हणालो. "ते तिचं नाव नाही."

मुलगा हळूच म्हणाला, "आबा, मृत्यूच्या दाखल्यावर तेच आहे."

"असू दे. माझ्या पहिल्या बायकोचं नाव आहे ते. तुझ्या आज्जीनं तुझ्या आईला तेच लावलं. रेशनकार्ड बदलायचा कंटाळा."

पहिली होती एवढं त्याला माहीत होतं, आईच्या गळ्यातला टाक त्यानं लहानपणापासून बघितलेला. तिचं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. मेलेल्या सावत्र आईचं नाव कोण विचारतो?

"माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव..." तो म्हणाला. "पासपोर्टवर. इथल्या कागदांवर."

"हो."

"सगळीकडं तुमच्या त्या पहिलीचं?"

"हो. जिनं तुला बघितलं पण नाही तिचं."

"आबा, हे बाहेर कुठं बोलू नका." पहिलं हेच म्हणाला. मला राग आला नाही. आम्ही सगळे एकाच आईची पोरं.

फोनमधून भटजी म्हणाले, "ओ, ऐकताय का? मला एक सांगा. त्या पहिलीचं कोण करतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"पन्नास वर्षं?"

"मी दुसऱ्या लग्नात होतो."

"धन्य आहे तुमची. मग दहाव्याला नाव एकीचं घेतलं आणि पिंड दुसरीचा, कावळ्यानं तरी काय करावं? सावत्र असली तरी आईच. आणखी एक पिंड करा. ज्याचं नाव त्याला."

सून उठली आणि आतून भाताचा आणखी एक गोळा घेऊन आली. उजवा पिंड पहिलीचा. त्या बिचारीला तिचं नाव परत मिळालं. मग भटजी म्हणाले, "आता डाव्याचं नाव?"

मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "अर्बाओ."

"काय? आवाज तुटतोय."

मग मी ते घेतलं. तिचं. सरळ, मराठीत, मुलासमोर, सुनेसमोर. मुलानं पाणी सोडताना ते माझ्यामागून म्हटलं. स्वतःच्या आईचं नाव तो पहिल्यांदा घेत होता आणि जरा चुकीचं घेतलं. मी म्हणालो, पुन्हा म्हण. त्यानं पुन्हा म्हटलं.

ताट घेऊन आम्ही खाली आलो. अकराव्या मजल्यावर काच उघडत नाही, तिथं पक्षी कुठून येणार? बाकामागच्या बुटक्या भिंतीवर केळीचं पान ठेवलं, पानावर दोन पिंड. सोमाली म्हातारा सकाळच्या उन्हाला बाकावर होता. त्यानं पान बघितलं, आमची तोंडं बघितली, उठला आणि लांब जाऊन झाडाच्या बुंध्याला टेकून उभा राहिला.

आम्ही वाट बघायला लागलो. कावळे इथं असतात म्हणतात, मी वर्षभरात चारदा बघितले. साळुंक्या मात्र पुष्कळ. पण त्याही वरच. एक मांजर आलं, मुलानं हाकललं. तो सारखा घड्याळ बघत होता.

मी मनात धरलं होतं ते तेव्हा काढलं. दोन रात्री तेच घोळवलं होतं.

"एक ऐक. दहाव्याला तू शब्द दिलास. कुणाला दिलास?"

"आईला."

"नाही. नाव कुणाचं घेतलं होतं तेव्हा? तो शब्द तुझ्या आईला पोचलाच नाही. तो गेला तिकडं, उजवीकडच्या पिंडाला. तिला माझं काय पडलंय? मी वर्षभर तिला नांदवली आणि विसरलो. तेव्हा तू बांधलेला नाहीस. मला तिकीट काढून दे, किल्ली शेजारी आहे, मी जातो."

त्यानं घड्याळाचा हात खाली केला. मला वाटलं, सुटलो. गवंड्याला कळतं, भिंतीतला कुठला दगड काढला की बाकीचे येतात ते. मी तोच काढला होता. डोळ्यांपुढं मला अंगण दिसायला लागलं, गोठ्याची पडकी बाजू दिसायला लागली. ती कुठून लावायला घ्यायची ते पण मी ठरवलं.

मुलगा बूट काढून पानापुढं गेला. हात जोडले. आणि तिचं नाव घेतलं, या वेळी अगदी बरोबर घेतलं, नावापुढं आई लावून. म्हणाला, "मागच्या वेळी तुला ऐकू गेलं नाही म्हणतात. म्हणून पुन्हा सांगतो. आबांना मी इथंच ठेवतो. एकटे तिथं नाही मरू देणार. तू एकटीच होतीस घरात, आबा बाजारातनं आले तेव्हा." ती चुलीपुढं पडली तेव्हा मी बाजाराला गेलो होतो. तो बुधवार होता. शेवटी शेवटी गुडघे दुखून तिला जाववत नव्हतं, म्हणून तिचा बाजार मी करत होतो. हे मी लिहिणार नव्हतो.

त्याचं बोलणं संपलं नाही तोच वरून एक साळुंकी उतरली. भिंतीवर टुणटुण करत आली, उजवा पिंड सोडला, आणि डाव्यावर चोच मारली. एकदा. दोनदा. मग अख्खा घास घेऊन बसली.

"शिवली," मुलगा म्हणाला.

"साळुंकी आहे," मी म्हणालो. "कावळा नाही."

"आबा, शिवली."

लगेच वळली. श्वासभर पण वेळ लावला नाही. मी भांडणार कसा? ते वळणं मी ओळखतो, कांद्याच्या ढिगापाशी बघितलंय.

मुलगा डोळे पुसून कामावर गेला. जाताना पहिल्यांदाच लिफ्टचा बिल्ला माझ्या हातात देऊन गेला, सुनेला खाली यावं लागू नये म्हणून. मी तो खिशात घातला. जाणार कुठं? वरच.

सोमाली म्हातारा परत येऊन बाकावर बसला. आम्ही दोघं त्या साळुंकीकडं बघत होतो. तिकीट मागणार आहे, एवढं त्याला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"क्या हुआ, सदीक? घर जाता?"

"नहीं."

"क्यों? लड़का नहीं माना?"

"लड़के का छोड़," मी म्हणालो. "अर्बाओ ने सुन लिया."